हेलानीची काच

थोरल्या उपवासाचा पहिला सोमवार, सन १८६६

लिही, तक्ला. साल तुझं तू घाल. मला वार कळला तरी पुष्कळ.

ही वही मठातल्या बायांनी दिली. तक्ला, माझी नात, चार वर्षं त्यांच्या शाळेत होती. गेल्या वर्षाअखेर यरुशलेमात पटकी आली, तिची आई गेली, शाळा सुटली. बाया म्हणाल्या, रोज थोडं लिहीत जा, नाहीतर हाताला गंज चढेल. हिला लिहायला काही सुचत नाही आणि मला लिहिता येत नाही. दोघींचं मिळून एक माणूस होतं.

हेलानी माझी एकुलती लेक. गल्ली मला अजून 'उम्म हेलानी', हेलानीची आई, अशीच हाक मारते. मी रडले नाही. शेजारणींनी दोन महिने वाट पाहिली, मग कंटाळल्या. भिंतीपलीकडची हज्जा सबीहा म्हणाली, "अगं, निदान कांदा तरी चीर." चिरला. टोपलीभर कांदा संपला, डोळे कोरडे. जेवणाला चव लागत नाही. मी मसुरात मीठ घालते, आणखी घालते, आणि तक्ला पाणी पिते.

"सित्ती, हेही लिहू?" मला ती सित्ती म्हणते, म्हणजे आजी.

लिही. खोटं आहे का?

आज होव्सेप आला होता. कोपऱ्यावरच्या गच्चीवर राहतो तो आर्मेनी. काचेवर ऊन धरतो आणि कागदावर चित्रं उतरवतो: पुनरुत्थानाचं देऊळ, बेथलेहेम, जैतुनांचा डोंगर. यात्रेकरू विकत घेतात. बोटं कायम काळी, आणि चेहरा असा की आत्ताच काहीतरी सांडून आलाय.

"उम्म हेलानी, अंडी फोडायला माणूस हवंय. पांढरं मला लागतं, कागदाला लावायला. पिवळं तुम्हाला."

"उपवासात?"

त्याने कान खाजवला. त्यांचाही उपवास आपल्याच बरोबर. "मग... कुणाला तरी द्या पिवळं."

म्हणजे आख्ख्या शहरात मी एकटीच, जिचे हात थोरल्या उपवासात कोपरापर्यंत अंड्यांत. हो म्हटलं. घरी बसून तरी काय, भिंतच बघायची.

पहिला गुरुवार

आज ऐंशी अंडी. पांढरं घंगाळात, मीठ टाकून फेस येईपर्यंत घुसळायचं, मग खाली बसू द्यायचं. त्यावर कागद तरंगवायचा, दोरीवर वाळत घालायचा. चार दिवसांनी असा वास सुटतो की स्वर्गात बसलेल्यांनीही नाक धरावं. मला वासही येत नाही. होव्सेप म्हणतो, "तुमच्यासारखं कामाला माणूस मिळायचं नाही." खरंय.

पिवळं सबीहाच्या घरी जातं. तिचे रोजे परवाच संपले, ईद झाली आणि लगेच माझं हे सुरू झालं. आज ती भिंतीवरून ओरडली, "उम्म हेलानी, माझा नवरा विचारतोय, तुझा उपवास कधी संपणार? त्याला आता पुन्हा रोजे धरायचेत!"

उस्तादाने, म्हणजे होव्सेपने, काचा धुवायलाही शिकवलं. काळी पडलेली, डागाळलेली काच म्हणजे वाया गेलेली. राखेच्या कढत पाण्यात टाकायची, चिंधीने घासायची, वर लिंबू. आरपार झाली की पुन्हा नवी. त्याच्या साऱ्या विद्येतलं एवढंच मला समजलं. भांडी घासून म्हातारी झाले मी.

दुसऱ्या आठवड्यातला बुधवार

पाऊस. ऊन नाही म्हणजे त्याला काम नाही. कागदही याफाला गलबतात अडकलाय म्हणे. बसल्या बसल्या मला शिकवत होता.

"काचेला लाल दिसत नाही, उम्म हेलानी. लाल वस्तू कागदावर काळी उतरते. आणि निळी वस्तू पांढरी."

"म्हणजे माझ्या नवऱ्यासारखी. त्यालाही मी नेसलेलं कधी दिसलं नाही."

हसला. तो हसला की आणखी बिचारा दिसतो.

आता हे लिही, आणि मध्ये थांबू नको.

मला हेलानीचा चेहरा आठवत नाही. हात आठवतात. कणीक मळताना ती नाकातल्या नाकात गायची ते आठवतं. ओढणीची गाठ आठवते. चेहरा बघायला गेले की भिंत दिसते, पांढरी, नुकता चुना दिलेली.

गेल्या उन्हाळ्यात होव्सेपला ऐन करीमला मरियेच्या झऱ्यावर बाई उभी करायची होती. यात्रेकरूंना नुसता झरा नको असतो, घागर घेतलेली बाई हवी असते. म्हणजे बघताना पवित्र मरियाच आठवते. तिथल्या बायकांनी त्याला चपला दाखवल्या. हेलानी म्हणाली, मी येते. मी म्हणाले, खबरदार. विधवा बाई, परक्या लोकांच्या पोथ्यांत तोंड दाबून राहणार? ती गेली. निळा झगा घालून, सबीहाच्या गाढवावर बसून गेली.

आठ दिवसांनी उस्तादाने कागद आणून दिला. एकच काढला होता, आमच्यासाठी. मी न बघता भट्टीत घातला. हेलानी दारातच उभी होती. म्हणाली, "आता तेवढी भाकरी तरी नीट भाज." एवढंच. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, आणि थंडी पडायच्या आत पटकी आली.

तुला माहीत नव्हतं हे, तक्ला. आता झालं माहीत. शाई सांडू नको.

चाळीस हुतात्म्यांचा सण

तीन आठवडे जीभ उचलत नव्हती. आज अंडी फोडता फोडता, त्याच्याकडे न बघता विचारलं.

"होव्सेप, ती हेलानीची काच आहे का रे?"

त्याचा हात थांबला. "आहे. सांभाळून ठेवलीय. पण मी तुम्हाला कागद दिला होता..."

"ओल लागली. खराब झाला."

उपवासात खोटं बोलले. पाद्रीबाबांना सांगेन, त्यांना माझ्याकडून नवं काहीतरी ऐकायला मिळेल.

"तसं होतं," तो म्हणाला. "दुसरा काढून देतो. पण कागद मोजका आलाय आणि झावळ्यांच्या रविवारी यात्रेकरू दारात उभे राहतील. मोठ्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, पहिला कागद तुमचा. चालेल?"

"चालेल. पण तो पहिलाच हवा."

"शब्द दिला."

घरी आले. तक्ला विचारतेय, "सित्ती, बरं वाटलं का?" काय सांगू? दात काढल्यावर गाल बधिर असतो ना, तसा मी आख्खा दिवस घालवते. चावलं तरी कळत नाही. पण सोमवार कधी आहे ते बोटांवर मोजलं. एकोणीस दिवस.

झावळ्यांचा रविवार

गल्लीत मुंगी शिरायला जागा नाही. जाडजूड बूट घातलेले मॉस्कोवी, पांढऱ्या फेट्यांचे हबशी, काळ्या झग्यांतले मिसरी कॉप्ट. एका मॉस्कोवी बाईने होव्सेपकडून कबरीच्या दरवाजाचं चित्र घेतलं आणि तिथेच गुडघे टेकून त्याला मुके घेतले. मी मनात म्हटलं, बाई गं, त्यात अर्धं माझ्या कोंबड्यांचं आहे.

आठ दिवस उरले.

मोठा गुरुवार

आज धुण्याचा दिवस. माझ्या आईपासूनची रीत: मोठ्या गुरुवारी जिथे जिथे आपला हात चालतो तिथे मळकं म्हणून काही ठेवायचं नाही. उद्या प्रभूला कबरीत ठेवतात, आणि घरात काजळी असली तर ती त्याच्या अंगाला लागते. घर झालं. चादरी झाल्या. सबीहाचा उंबरठासुद्धा धुतला, ती म्हणाली, "माझ्यावरही एक तांब्या ओत, राहायला नको."

मग उस्तादाच्या गच्चीवर गेले. तो दिवसभर त्यांच्या मठात. आज त्यांचे मोठे धर्मगुरू लोकांचे पाय धुतात. म्हटलं, येईल तेव्हा सगळं लखलखीत दिसू दे. त्या माणसाने सात आठवडे मला रिकामं बसू दिलं नाही, एवढं तरी करावं.

झाडलं, घंगाळं घासली. खिडकीखाली हिरवी पेटी होती, तिच्यात काचा, एकेक फडक्यात गुंडाळलेली. उघडून बघते तर साऱ्या काळ्या पडलेल्या. आकाश काळं, घुमट काळे. अकरा होत्या. वाया गेलेलं इतकं जपून कोण ठेवतं? पण पुरुषमाणूस एकटा राहिला की असाच साठवत बसतो.

राखेचं पाणी ठेवलं. या काचांना वरून लाखेसारखं काहीतरी फासलेलं, सहज निघेना. दोन कढ दिले. एकीवर कुणी बाई होती, तोंड काळं, झगा काळा, केस पांढरे आणि खांद्यावर पांढरी घागर. हबशीण असेल. तिला सगळ्यात जास्त घासावं लागलं.

अकराच्या अकरा पाण्यासारख्या आरपार झाल्या. उन्हात मांडून ठेवल्या. किती दिवसांनी काहीतरी पुरं केल्यासारखं वाटलं.

तक्ला, लेखणी का थांबली? काय झालं? पोटात दुखतंय का?

म्हणते, काही नाही.

मोठा शुक्रवार

सकाळीच उस्तादाच्या गच्चीवर गेले, म्हटलं बघू तोंडभर हसतो का. तो काचांपुढे उभा होता, हात खाली सोडून.

"कुणी धुतल्या?"

"मी. कालचा दिवस काय होता? आणि ती लाख कसली लावतोस रे, माझी नखं गेली."

त्याने एक काच उचलली, उन्हाकडे धरली, खाली ठेवली. दुसरी उचलली. मग म्हणाला, "छान निघाल्यात, उम्म हेलानी. अगदी स्वच्छ." आणि पायरीवर बसला. उपवासाने गळालाय पोरगा. मी त्याला चार जैतुनं देऊ केली, नको म्हणाला.

तक्ला माझ्या मागोमाग आली होती. मी जिना उतरले तरी ती वरच. खूप वेळाने आली, डोळे लाल. म्हणते, गच्चीवर औषधांचा वास फार. मला कुठला यायला वास.

दुपारी सणाची पिठाची गोल कडी भाजायला बसलो, खजूर भरलेली. ही पोर आज कुठे बघतेय कुणास ठाऊक. उजवं मनगट भट्टीच्या काठाला लावलं. चांगलं भाजलं, काठासारखंच वाकडं. ओरडलीही नाही. मी तेल लावून चिंधी बांधली. म्हटलं, "ओरड गं, तुला तरी लागतंय ना?"

तेव्हा मात्र रडली. भाजल्याचं म्हणते.

पुनरुत्थानाचा रविवार

ख्रिस्त उठला आहे. शनिवारी देवळातून पवित्र अग्नी आणला, दिवा लावला, सबीहाच्या गाढवासकट सगळ्यांना धूर दाखवला. आज सात आठवड्यांनी पहिलं अंडं खाल्लं, पिवळ्यासकट. चव नाही. पण खाल्लं.

उद्या सोमवार.

सोमवार

उस्ताद म्हणाला, आज ऊन बरोबर नाही.

आकाशात बोटभरही ढग नव्हता. ज्याची विद्या त्याला ठाऊक.

तक्लाने पेटीतून हेलानीचा निळा झगा काढला. ऊन दाखवायला, म्हणते. म्हणजे झग्याला दाखवायला ऊन आहे, कागदापुरतंच नाही.

मंगळवार

आज घरात मी एकटी होते. तक्ला आणि सबीहा उस्तादाच्या सोबत ऐन करीमला गेल्या. सबीहाला म्हणे मरियेच्या झऱ्याचं पाणी हवंय, गुडघ्याला.

"तीस वर्षं तुझा गुडघा दुखतोय," मी म्हटलं, "आजच बरी त्याला मरिया आठवली."

"गुडघा माझा आहे," ती म्हणाली, "तुझी चौकशी कशाला?"

तिन्हीसांजेच्या आत परतल्या. गाढवावर उस्तादाची लाकडी पेटी होती आणि तिघेही एकमेकांकडे न बघता चालत होते. सबीहाच्या हातात पाण्याचं भांडं नव्हतं.

निळा झगा परत पेटीत घातलाय, नीट घडी करून. खालची कड ओली होती. मी हात लावून बघितला, मग पेटी बंद केली.

तक्ला लिहिता लिहिता हळू का झाली?

तोमाचा रविवार

आज देवळात तोमाची गोष्ट वाचली. दर वर्षी वाचतात. जखमेत बोट घातल्याशिवाय ज्याचा विश्वास बसेना, तो.

दुपारी उस्ताद आला. कागद स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला. सबीहाही आली, त्या गुडघ्याने जिना चढून. तक्ला माझ्या पाठीशी उभी राहिली. खोलीत तीन माणसं आणि एकाचाही श्वास ऐकू येईना.

"तुमचा पहिला कागद," होव्सेप म्हणाला. "उशीर झाला. माफ करा."

मी उजेडात नेला.

झरा आहे, कमान आहे, पायऱ्या आहेत. पायरीवर बाई. घागर तांबड्या मातीची, म्हणून काळी आलीय. झगा निळा, म्हणून पांढरा. ओढणी हेलानी बांधायची तशीच बांधलेली. तोंड अर्धं घागरीच्या सावलीत. आणि उजव्या मनगटावर एक काळी रेघ, बोटाच्या पेराएवढी, भट्टीच्या काठासारखी वाकलेली.

थांबू नको, लिही. डोळ्याला ती रेघ आता फिकी लालच दिसते, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नसेल. चिंधीही सोडून ठेवली होती, हुशार. पण काचेला लाल दिसत नाही, कागदावर ते काळं उतरतं. हे मला उस्तादानेच शिकवलं.

"इथे डाग पडलाय वाटतं," मी म्हणाले.

"धूळ," तो घाईघाईने म्हणाला. "काचेवरची धूळ. मी काढून देतो..."

"राहू दे."

सबीहा म्हणाली, "किती सुंदर आलीय, नाही?" तिचा आवाज बाजारातल्यासारखा चढला होता. खोटं बोलताना ती नेहमीच ओरडते.

मी विचारलं, "होव्सेप, हेलानीची काच कुठल्या पेटीत होती रे?"

त्याने कान खाजवला. मग म्हणाला, "निळ्या."

त्याच्या गच्चीवर निळी पेटी नाही. सात आठवडे मी तिथे झाडलंय.

"बरं झालं," मी म्हणाले. "हिरवीतल्या सगळ्या मी धुतल्या ना."

त्याने मान खाली घातली. अकरा काचा त्याच्या. आख्ख्या उन्हाळ्याचं काम, आणि मला एका शब्दाने बोलला नाही. स्वच्छ निघाल्यात म्हणाला. मी त्याच्या काळ्या बोटांवर हात ठेवला. त्याने काढून घेतला नाही. मग म्हटलं, "उद्या किती अंडी आणू?"

"शंभर," तो म्हणाला. मग म्हणाला, "सव्वाशे."

गेले दोघे. जिन्यावर सबीहा त्याला दटावत होती, "धूळ म्हणे! तुला दुसरं काही सुचलं नाही?"

मी कागद घेऊन बसले. हबशीण म्हणून जिला सगळ्यात जास्त घासलं, ती कोण होती, आता माहीत आहे. कागदावर जे पांढरं ते काचेवर काळं असतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. आधी कागद भट्टीत घातला, मग काच राखेत. माझ्या हाताने दोन्ही. हे लिहून ठेव, म्हणजे उद्या मी दुसरं काही सांगायला लागले तर दाखवता येईल. रडू आलं नाही. वाट पाहिली, आलं नाही.

पण एक आहे. चित्रातल्या पोरीने खालचा ओठ दाताखाली धरलाय. वीस मोजेपर्यंत हलायचं नसतं ना, म्हणून. हेलानी तसाच धरायची. सुईत दोरा ओवताना धरायची, माझी बोलणी खाताना धरायची. त्या दिवशी दारात उभी होती तेव्हाही धरला होता. हे मी विसरले होते. आता भिंतीकडे बघितलं तर भिंतीत निदान तो ओठ दिसतो. बाकीचं तोंड येईल तेव्हा येईल.

तक्ला विचारतेय, "सित्ती, चित्राबद्दल काय लिहू?"

लिही: हेलानीच आहे. हुबेहूब.

लिहिलंस? आता लेखणी ठेव आणि ती बाही वर कर. एवढ्या उकाड्यात बोटांपर्यंत ओढून बसलीस. तेल मी आणते.